मुक्या फायरवॉलींचा खोळंबा

मोठं सॉफ्टवेअर तयार करताना प्रोग्रामरचा बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, घेतला तर त्यात सी भाषेतल्या हजारो फाइली असतात आणि त्या एकेक करून कंपाइल व्हाव्या लागतात. मार्टिन पूल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००२ मध्ये त्यावर डिस्टसीसी नावाचा तोडगा काढला. एका फाइलीचं काम सहसा दुसरीवाचून अडत नाही, मग ऑफिसात रिकाम्या बसलेल्या मशिन्सना ते वाटून का देऊ नये? पाठवणारं मशिन आधी हेडर फाइलींचा सगळा मजकूर मूळ फाइलीत ओततं आणि हा फुगलेला गठ्ठा नेटवर्कवरून दुसऱ्या मशिनच्या ३६३२ क्रमांकाच्या पोर्टवर धाडतं. तिकडून तयार ऑब्जेक्ट फाइल परत येते.

हे सुरळीत चालतं तेव्हा काम झपाट्याने उरकतं. बिघडतं तेव्हा मात्र चमत्कारिक प्रकार होतो. कनेक्शन जुळतं, पिंगला उत्तर येतं, कुठे एरर दिसत नाही, आणि तरी एकेक फाइल पाच-पाच मिनिटं जागची हलत नाही.

मग कुणी कंपायलरला दोष देतो, कुणी मशिन रीस्टार्ट करतो, कुणी टाइमआउट वाढवून ठेवतो. दोष पुष्कळदा तिसरीकडेच असतो. मधल्या एखाद्या राउटरने किंवा फायरवॉलने पॅकेट गिळलेलं असतं आणि गिळल्याचं कुणालाच कळवलेलं नसतं. सुरक्षिततेच्या नावाखाली रुजलेली ही मुकी पद्धत आता बंद व्हायला हवी. निदान संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये तरी तिचं समर्थन करता येत नाही.

सर्वांत जास्त छळणारा प्रकार पॅकेटच्या आकाराचा. इथरनेटवर एक पॅकेट साधारणपणे १५०० बाइटपर्यंतचं असतं. व्हीपीएनच्या बोगद्यात ही मर्यादा घटते. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये ती सहसा १४२० असते. कनेक्शन जुळवणारी पॅकेटं चिमुकली असल्यामुळे सहज पार होतात. फाइलीचा गठ्ठा निघाला की पूर्ण आकाराची पॅकेटं बोगद्याच्या तोंडाशी अडतात. १९९० पासून ठरलेला नियम असा, की अडवणाऱ्या राउटरने ‘हे पॅकेट मोठं आहे, इतक्या बाइटचं पाठवा’ असा निरोप आयसीएमपीद्वारे, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलने, उलट धाडायचा. पण ‘आयसीएमपी धोक्याचा’ एवढं ऐकून कुणीतरी तो सरसकट बंद करून ठेवलेला असतो. सब-वेत कमी उंचीचं छत आहे, पण फलक काढून टाकलाय, आणि मागून ट्रकमागून ट्रक येतच आहेत, तशी ही गत.

त्या वेळी टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन लावून पाहिलं तर सगळा प्रकार उघडा पडतो. तेच पॅकेट, तोच सीक्वेन्स नंबर, पुन्हा पुन्हा जाताना दिसतो: सुमारे ०.२ सेकंदाने, मग ०.४, मग ०.८, मग १.६. प्रत्येक खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट. नेहमीच्या सेटिंगवर लिनक्स हा नाद पंधरा मिनिटांहून अधिक काळ सोडत नाही. डिस्टसीसी त्याआधी, ३०० सेकंदांनी, माघार घेतं आणि ती फाइल स्वतःच्याच मशिनवर कंपाइल करून टाकतं. पाच मिनिटांच्या खोळंब्याचं मूळ हेच.

एक बारीक गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी. माघार घेताना डिस्टसीसी एक ओळ छापतं खरं, पण हजारो ओळींच्या लोंढ्यात ती वाहून जाते. शेवटी काम पूर्ण झालेलं दिसतं, म्हणून कुणी चौकशी करत नाही. मदतीला जोडलेली मशिन्स आठवडेच्या आठवडे रिकामी बसू शकतात. दोष शोधायला बसणाऱ्याने म्हणूनच आधी ही माघारीची सोय बंद करावी. काम धडाधड फेल होऊ लागलं की अडचण निदान समोर येते. त्यानंतर पॅकेटचे तुकडे करायला मनाई करून १४७२ बाइटचा पिंग पाठवावा. हेडरचे २८ धरले की बरोबर १५०० होतात. हा अडकला आणि १३९२ चा गेला, तर वायरगार्डसारख्या बोगद्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

फायरवॉलमधल्या ‘ड्रॉप’ आणि ‘रिजेक्ट’ या दोन पर्यायांतही कळवण्या-न कळवण्याची हीच तफावत आहे. रिजेक्ट केलं तर पाठवणाऱ्याला क्षणात नकार कळतो. ड्रॉप केलं तर लिनक्स मशिन मूळ सेटिंगनुसार दोन मिनिटांहून थोडं जास्त दार ठोठावत राहतं. ड्रॉपच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो: चोराला पत्ता का कळू द्यावा? इंटरनेटकडे तोंड असलेल्या बाहेरच्या सीमेवर त्यात थोडंफार तथ्य आहे. पण एकाच कंपनीच्या दोन मजल्यांमध्ये, आपल्याच सहकाऱ्याच्या मशिनला उत्तर न देण्यात कोणती सुरक्षा साधते? नकार रिजेक्टमध्येही तितकाच पक्का असतो.

हे दुखणं जुनं आहे. २००४ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.८ आवृत्तीच्या सुमारास काहींना ठरावीक वेबसाइट उघडेनाशा झाल्या. एका वेळी किती डेटा घेता येईल हे कळवताना तो आकडा कितीपट समजायचा, हे टीसीपीचं विंडो स्केलिंग ठरवतं; नव्या कर्नलने त्याचा अधिक मोठा आकडा वापरायला सुरुवात केली होती. ही सोय १९९२ मध्येच प्रमाणित झालेली. वाटेतले काही राउटर मात्र हा आकडा परस्पर खोडून तिथे शून्य टाकत होते. हजारो बाइट घ्यायला तयार असलेलं मशिन पलीकडच्याला जेमतेम काही डझन बाइटच घेऊ शकणारं भासे आणि कनेक्शन रखडे. तक्रारी अर्थातच कर्नलकडे गेल्या, कारण बदललेलं तेच दिसत होतं. पॅकेटं उलगडून पाहिल्यावर खोडसाळ राउटर सापडले.

पॅकेट उलगडून पाहण्याची ही साधनं फुकट आहेत आणि जुनी आहेत. टीसीपीडंप १९८८ पासूनचं, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत जन्मलेलं. ते लिहिणाऱ्यांपैकी एक व्हॅन जेकबसन. त्याच प्रयोगशाळेपासून जेमतेम ४०० यार्डांवरच्या बर्कली विद्यापीठापर्यंतचा वेग १९८६ मध्ये सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांपर्यंत कोसळला होता. जेकबसन यांनी त्याचा छडा लावला आणि त्यातून टीसीपीचं आजचं गर्दी-नियंत्रण आलं. आपल्याकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी ओएसआयचे सात थर पाठ करतात. एखादं अडकलेलं कनेक्शन हातात देऊन ‘कुठे अडकलं ते दाखव’ असा प्रश्न प्रात्यक्षिकात यायला हवा. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना रोज ते दाखवू शकणाऱ्या माणसाची गरज पडते.

आयपीव्ही६मुळे ही निकड वाढली आहे, आणि त्याच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाही. आकार मोठा असल्याचा निरोप पाठवणं, एवढंच त्याच्या हाती असतं. तो निरोप फायरवॉलने अडवू नये, असं मार्गदर्शन २००७ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. तेव्हा सुरक्षेच्या ऑडिटमध्ये ‘आयसीएमपी बंद आहे का?’ असा सरसकट रकाना असेल तर तो काढून टाकावा आणि कोणते निरोप चालू ठेवलेत, हे लेखी मागावं. अंतर्गत फायरवॉलींवर ड्रॉपच्या जागी रिजेक्ट करायला नवं यंत्र लागत नाही, लायसन्सही लागत नाही. नियमावलीतली ती ओळ कुणी लिहिली आणि कशासाठी, हे मात्र नेटवर्क विभागाला शोधावं लागेल.