यादीत नाव नसलेले अपंगत्व

'अपंग' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुबड्या येतात, पांढरी काठी येते, चाकांची खुर्ची येते. कॉलेजला जाणारा, धडधाकट दिसणारा विशीतला मुलगा येत नाही. पण हाच मुलगा घरातून निघण्याआधी रस्त्यात कुठे कुठे संडास आहे याचा हिशेब करतो, लोकलचा लांबचा प्रवास टाळतो, लग्नाच्या दावतीत नुसता बसून राहतो आणि पेपरच्या आदल्या रात्रीपासून उपाशी असतो. आतड्याच्या एका दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराने त्याच्यावर ही वेळ आणलेली असते. इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, थोडक्यात आयबीडी, हे त्या आजाराचे नाव.

क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्याचे दोन मुख्य प्रकार. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, आतड्याला सूज येते, जखमा होतात. पोटात कळा, दिवसातून अनेकदा जुलाब, शौचातून रक्त, वजन घटणे, रक्त कमी होणे आणि झोपूनही न जाणारा थकवा ही त्याची लक्षणे. काहींचे सांधे सुजतात, डोळे लाल होतात. बहुतेकांना 15 ते 35 या वयात, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि निकाहाच्या काळातच तो गाठतो. कधी महिनोन्महिने शांत राहतो, कधी अचानक उसळतो. औषधांनी तो मुळापासून जात नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही.

आपल्याकडे निदानालाच फार उशीर होतो. रक्त दिसले की घरचे म्हणतात मूळव्याध. क्रोन्समध्ये भगंदर झाले तर त्याचेच एकामागून एक इलाज होतात, मूळ आजाराकडे कुणी पाहत नाही. शिवाय आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स एकमेकांसारखे दिसतात. आपल्या देशात क्षयरोग जास्त, म्हणून अनेकांना आधी महिनोन्महिने टीबीची औषधे घ्यावी लागतात. मुलगी असेल तर आणखी एक अडचण. शौचाबद्दल अब्बांसमोर बोलायचे कसे? आणि बोलले तर स्थळे येणार कशी? वास्तविक आजार आटोक्यात असेल तर आयबीडी असलेल्या बहुतेक स्त्रिया सुखरूप आई होऊ शकतात. पण हे सांगणारे कुणी नसते, त्यामुळे आजारही लपतो आणि गोळ्याही लपवून घ्याव्या लागतात.

आता मूळ प्रश्न. याला अपंगत्व म्हणायचे का?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात ती फक्त 7 प्रकारांची होती. नव्या यादीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे बाहेरून न दिसणारे रक्ताचे आजारही आले. आयबीडी मात्र त्यात नाही. त्यामुळे आतड्याचा भाग काढून टाकावा लागलेल्या, पोटावर पिशवी लावून जगणाऱ्या माणसालाही केवळ या आजाराच्या आधारावर अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळणे मुश्कील. प्रमाणपत्र नाही म्हणून आरक्षण नाही, सवलत नाही. आजार मात्र आयुष्यभर सोबत.

काही जण विचारतील, प्रत्येक आजाराला अपंगत्व म्हणत बसलो तर यादी कुठे थांबेल? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कायद्याच्या व्याख्येतच आहे. जिची दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची कमतरता भोवतालच्या अडथळ्यांशी मिळून तिला समाजात बरोबरीने सहभागी होण्यापासून रोखते, ती अपंग व्यक्ती, असा त्या व्याख्येचा अर्थ आहे. ही व्याख्या आजाराचे नाव विचारत नाही, परिणाम विचारते. आयबीडी असलेला प्रत्येक जण अपंग नसतो. अनेक जण औषधांवर वर्षानुवर्षे व्यवस्थित काम करतात. पण ज्याचे आतडे दिवसातून 10 वेळा हाक मारते आणि ज्याच्या लोकलमध्ये, एसटीत, परीक्षेच्या मांडवात त्या हाकेला जागाच नाही, त्याला फक्त आतड्याने अपंग केलेले नाही. संडास न बांधणाऱ्यांनी आणि परवानगी नाकारणाऱ्यांनीही केले आहे.

यादीत नाव नाही म्हणजे हक्कच नाही, असे मानून गप्प बसणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 11 फेब्रुवारी 2021 चा विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा निकाल जरूर माहीत करून घ्यावा. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. त्याने लेखनिक मागितला, तो नाकारला गेला. न्यायालयाने सांगितले की 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे; व्याख्येत बसणाऱ्या कोणत्याही अपंग व्यक्तीला वाजवी सोय नाकारण्यासाठी ती वापरता येणार नाही. वाजवी सोय म्हणजे संस्थेवर अवाजवी बोजा न टाकता, त्या माणसाच्या गरजेप्रमाणे केलेला बदल. शिक्षणसंस्थांनी अशी सोय करावी, हे कायद्याच्या कलम 16 मध्येच आहे.

म्हणून आयबीडी असलेल्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की सोय तोंडी मागू नका. तज्ज्ञ डॉक्टरांचे पत्र जोडून लेखी अर्ज करा. संडासाजवळची जागा, पेपर चालू असताना जाण्याची परवानगी, त्यात गेलेला वेळ भरून देणे, आजार उसळला तर हजेरीत सूट, एवढेच मागायचे आहे. अर्जाची पोच घ्या. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त बसतात, त्यांच्याकडे तक्रार करता येते. प्रत्येक वेळी यश येईलच असे नाही. पण कागदावर आलेला प्रश्न सहज मिटवून टाकता येत नाही.

एका मुलीमुळे कायदा झाल्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात क्रोन्स असलेल्या 14 वर्षांच्या ॲली बेनला एका दुकानाने संडास वापरू दिला नाही. तिने आणि तिच्या आईने पाठपुरावा केला. 2005 मध्ये तिथे कायदा झाला आणि अशा रुग्णांना दुकानातील कर्मचाऱ्यांचा संडास वापरण्याची मुभा मिळाली. आपल्या मुंबईतही 2011 पासून स्त्रियांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवून मुतारीचा विषय महापालिकेच्या टेबलावर आणला. त्या मागणीत आयबीडी असलेल्यांची मागणीही मिळवता येईल. गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात जिथे अख्ख्या गल्लीला मोजकेच संडास आणि बाहेर रांग, तिथे ही मागणी करणे आपलेच काम आहे.

सरकारकडे बोट दाखवताना आपल्या जमातीकडेही पाहू. आजारी माणसाला रोज्यातून सूट सूरह बकरामध्येच दिलेली आहे. ज्याची शुद्धता टिकत नाही अशा 'माजूर' माणसाला प्रत्येक नमाजच्या वेळी नवी वुजू करून नमाज अदा करता येते, हे फिकहमध्ये जुने आणि सर्वमान्य आहे. तपशील आलिमांना विचारावा, पण गोळ्या बंद करून रोजे धरण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. धर्माने सवलत दिली, ती हिरावून घेतो तो आपला प्रश्न: "जवान आहेस, रोजा का नाही?" रमजानमध्ये हा प्रश्न विचारणे आपण बंद केले तरी कित्येक जण जेवण आणि गोळ्या लपूनछपून घ्यायचे थांबतील.

हजरत अब्दुल्ला इब्न उम्मे मकतूम दृष्टिहीन होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले म्हणून सूरह अबसामध्ये खुद्द पैगंबरांना टोकले गेले. पुढे तेच मदीनेत अजान देत. अपंग माणसाला दयेची नव्हे, बरोबरीची जागा द्यायची असते, हे आपल्या परंपरेत इतके स्पष्ट आहे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. केंद्र सरकारने आयबीडीच्या गंभीर स्थितीचा यादीत समावेश करावा; त्यासाठी नवा कायदा लागत नाही, अधिसूचना पुरते. परीक्षा मंडळांनी व विद्यापीठांनी वाजवी सोयीचा नियम लेखी जाहीर करावा. मशिदींच्या विश्वस्तांनी आवारातला संडास स्वच्छ आणि नमाजच्या वेळेबाहेरही खुला ठेवावा, स्त्रियांसाठी वेगळा करावा. बायोलॉजिक औषधांचा खर्च साध्या घराला झेपत नाही. बैतुलमालने अशा रुग्णांची आठवण ठेवावी.

आणि वाचणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्या वर्गात, गल्लीत कुणी वारंवार उठून जात असेल तर हसू नका. शौचातून रक्त जात असेल तर लपवू नका, पोटविकारतज्ज्ञाकडे जा. या आजाराची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही.