बोलतंय कोण एवढं?



लोणची, वाळवणं आणि मुलांचा अभ्यास यांना या आठवड्यापुरती सुटी देऊ या. गडहिंग्लजच्या एका वाचक ताईंनी पत्रातून विचारलंय, "रोज रात्री मालिका बघताना वाटतं, यापेक्षा बरं मीसुद्धा लिहीन. मनात एक गोष्टही आहे. पण सिनेमासाठी लिहायचं कसं, ते कुणाला विचारू?"

ताई, गाव तरी तुम्ही बरोबर निवडलंत! मी राहते शिवाजी पेठेत. घरातून चालत खरी कॉर्नरला गेलं, की कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ दिसतो. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. प्रभातचा जन्मही इथलाच, १९२९चा. पुढं १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. पण नटनट्या सगळ्यांना आठवतात, कागदावर गोष्ट मांडणारा मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही. पाटीवर त्याचं नाव येतं तेव्हा आपण शेंगा सोलत असतो.

आता कबुली देते. मी काही सिनेमाची लेखिका नव्हे. सकाळी शाळेत तीन तास मराठी शिकवते, बाकीचा दिवस घरात. दोन वर्षांपूर्वी एका लघुपट-लेखन स्पर्धेची जाहिरात वाचली आणि हुरूप आला. गोष्ट घरातलीच घेतली. आमच्या आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, तरुणपणी एका रात्री हातातल्या पाटल्या काढून दिल्या, त्या परत आल्या नाहीत. मी झकास प्रसंग लिहिला. सासरे बोलतात, आत्ती बोलतात, मग दोघं मिळून नशिबाला बोल लावतात. चांगली चार पानं संवाद! डोळे पुसतच लिहिले म्हणा ना.

दुपारी आत्ती लसूण सोलत बसल्या होत्या, त्यांना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,

"अगं, बोलतंय कोण एवढं? त्या राती घरात कोण कुणाशी बोललं न्हाई."

"मग काय झालं होतं?"

"काय हुणार? मी नळाखाली बसलो, हाताला साबण लावला. एक निघाली. दुसरी काय निघंना. तुझे मामंजी कंदील धरून हुबे हुते, त्येंनी तोंड तिकडं केलं. मग मीच वडली."

बस्स. एवढं बोलून त्या पुन्हा लसणाकडं वळल्या. माझी चार पानं तिथंच संपली, मैत्रिणींनो. साबण, नळ, कंदील आणि फिरवलेलं तोंड, यात सगळं आलं होतं. पटकथा म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं.

मराठी चित्रपटाच्या पाटीवर 'कथा, पटकथा, संवाद' असे तीन शब्द येतात, ते उगाच नव्हेत. कथा म्हणजे काय घडलं. पटकथा म्हणजे ते कुठं, कोणत्या क्रमानं आणि कशातून दिसणार. संवाद सगळ्यांत शेवटी येतात. आपण नवख्या बायका नेमक्या शेवटाकडून सुरुवात करतो.

एक उदाहरण बघा. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीचं नाव होतं 'न पटणारी गोष्ट'. प्रभातनं १९३७ मध्ये तिच्यावर चित्रपट केला, त्याची पटकथाही आपट्यांनीच लिहिली. चित्रपटाचं नाव झालं 'कुंकू'. कोवळ्या नीराचं लग्न म्हाताऱ्या विधुराशी लावून दिलं जातं आणि ती ते लग्न मानायचं नाकारते. 'न पटणं' ही मनातली गोष्ट झाली, ती कॅमेऱ्याला दिसत नाही. कुंकू दिसतं. पुढं शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, १९८२ मध्ये तो चित्रपट आला 'उंबरठा' म्हणून. बेघर असणं ही अवस्था आहे, उंबरठा मात्र डोळ्यांना दिसतो आणि ओलांडता येतो. दोन्हीकडं बाईचीच गोष्ट आणि दोन्हीकडं आपल्या रोजच्या नजरेतली वस्तू. ही वस्तू शोधण्यात आपला हात कोण धरणार? आयुष्य त्यांच्यातच तर जातंय.

आता कामाचं सांगते, कात्रण काढून ठेवा.

१. आधी गोष्ट पाच-सहा ओळींत लिहा. कुणाला काय हवंय, आडवं काय येतं आणि शेवटी काय होतं, एवढंच. ते जमलं नाही तर शंभर पानांतही जमत नाही.

२. मग पोस्टकार्डाएवढे कागद कापा. एका कागदावर एकच प्रसंग. जमिनीवर मांडून क्रम लावा. जो कागद काढल्यावर काही अडत नाही, तो बाजूला ठेवा.

३. प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर घराच्या आत की बाहेर, ठिकाण कोणतं आणि दिवस की रात्र, हे लिहा. खाली फक्त दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच. 'तिला माहेरची आठवण आली' असं लिहायचं नाही. ती काय करते ते लिहायचं.

४. ठोकळ हिशेब असा, की नीट मांडलेलं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालतं. दोन तासांच्या चित्रपटाला एकशेवीस पानं. पहिल्यांदा दहा पानांचा लघुपटच करावा. माणसं दोन-तीन, घर एक. खर्च कमी दिसला तर कुणी तरी तो करायला धजेल.

५. संवाद लिहिण्याआधी कान उघडे ठेवा. 'पिंजरा'चे (१९७२) संवाद लिहिणारे शंकर पाटील आपल्या पट्टणकोडोलीचे. त्यांची माणसं आपल्याच बोळातली वाटतात, ती उगाच नाही. मंडईत, बसमध्ये, हळदीकुंकवात ऐकलेली वाक्यं वहीत टिपून ठेवा. लिहून झालं की मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते, तिथं वाक्य खोटं आहे.

६. कुणाला दाखवण्याआधी नोंद करा. कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, लिहिलेल्या मजकुराला देतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन तिथं संहितेची नोंदणी करता येते. पैशांचं आणि नावाचं बोलणं लेखी हवं. "वहिनी, आपल्यात कागद कशाला?" असं कुणी म्हणालं, तर कागद नक्कीच हवा असं समजा.

आणि सातवी गोष्ट, ती कुठल्या पुस्तकात मिळायची नाही. घरातलं लिहाल तर घरच्यांना विचारा. नवं पान लिहून झालं तेव्हा मी आत्तींना विचारलं, हे पाठवू का? त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पाटल्यांचं लिही. पर कुणासाठी मोडल्या, ते नको. ज्याच्यासाठी मोडल्या त्येला अजून ठावं न्हाई." मी ते कारण बदललं, माणूस बदलला. इथंसुद्धा खरं कारण लिहीत नाही. गोष्ट थोडी लंगडी झाली असेल, पण आत्तींनी इतकी वर्षं झाकून ठेवलेलं एका स्पर्धेसाठी उघडं करायचा हक्क मला नव्हता. काय घ्यायचं याइतकंच काय सोडायचं, हेही लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं.

बक्षीस? नाही मिळालं. घरात दोन दिवस थोडी थट्टा झाली. पण ते एक पान मी जपून ठेवलंय, आत्तींनाही ते पाठ आहे.

"आता या वयात काय?" असं मनात आलंय ना? सुमित्रा भावे यांचा जन्म १९४३चा. समाजकार्याच्या क्षेत्रातून आलेल्या या बाईंचा 'बाई' हा लघुपट झाला १९८५ मध्ये, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर. पुढं त्यांनी 'दोघी'सारखे चित्रपट स्वतः लिहिले.

तेव्हा गडहिंग्लजच्या ताई, रात्रीची झाकपाक झाली की मालिकेची अर्ध्या तासाची वेळ एक दिवस चुकवा. घरात घडलेला एक प्रसंग एका पानावर लिहा, एकही संवाद न घालता. मग घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला तो वाचून दाखवा. ती काय म्हणते, ते मला जरूर कळवा.