संत्र्याचे कलम घेताना मातृवृक्षाच्या डीएनए चाचणीचा कागद मागा

पावसाळा लागला की वरूड, मोर्शी, काटोल भागातल्या गाड्या शेंदुरजना घाटच्या पन्हेऱ्यांकडे वळतात. कलम सरळ आहे का, डोळा जमिनीपासून वीतभर वर बांधला आहे का, खुंट जंबेरीचा की रंगपूर लाईमचा, हे तुम्ही पाहता. पिशवी फोडून मुळेही बघता. पण ज्या झाडावरून डोळा काढला ते झाड रोगमुक्त होते का, हे कलमाकडे पाहून कळत नाही, आणि सहसा कोणी विचारतही नाही.

हा प्रश्न आता विचारायलाच हवा. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५ कोटी रुपयांच्या ‘क्लीन प्लांट’ कार्यक्रमाला मंजुरी दिली. फळपिकांची विषाणूमुक्त मातृझाडे तयार करण्यासाठी देशात नऊ केंद्रे उभी करण्याची ही योजना आहे. महाराष्ट्रासाठी द्राक्षाचे केंद्र पुण्यात, संत्र्याचे नागपुरात आणि डाळिंबाचे सोलापुरात जाहीर झाले आहे. योजना चांगली आहे. पण केंद्र उभे राहणे, तिथली झाडे वाढणे, त्यांचे डोळे पन्हेरीपर्यंत येणे, याला वर्षे लागतील. यंदा तुम्ही लावणार ते कलम जुन्याच व्यवस्थेतून येणार आहे.

सिट्रस ग्रीनिंगचेच पाहा. हा रोग एका जीवाणूमुळे होतो. झाडाच्या अन्नवाहिन्यांमध्ये तो राहतो, सायला किडीबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि रोगट झाडाचा डोळा बांधला तर थेट कलमात उतरतो. रोगाला औषध नाही. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला काही महिने, कधी दोन-तीन वर्षेही लागतात. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात तो २००५ मध्ये सापडला. तिथे २००३-०४ च्या हंगामात संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये दोन कोटीही निघाल्या नाहीत. त्यात वादळांचाही वाटा होता, पण मूळ दुखणे ग्रीनिंगचेच.

पान पाहून खात्री होत नाही. जस्ताच्या कमतरतेतही पान पिवळे पडते. फरक इतकाच, की जस्त कमी असेल तर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखा दिसतो. ग्रीनिंगमध्ये एका बाजूचा डाग दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. मूळकुजीने खंगलेले झाडही लांबून असेच दिसते. त्यात हा जीवाणू प्रयोगशाळेत बशीत वाढवता येत नाही. म्हणून त्याचा डीएनए शोधणे हाच भरवशाचा मार्ग उरतो.

पीसीआर हे नाव कोरोनाने घराघरांत पोहोचवले. तत्त्व तेच. जीवाणूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा पानाच्या अर्कात असेल तर यंत्रात तापमान वर-खाली करत तो प्रत्येक फेरीत दुप्पट केला जातो. अहवालात ‘सीटी’ नावाचा आकडा येतो. तो जितका लहान, तितके जीवाणू जास्त. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे साधारण हजारपट फरक. म्हणून सीटी २२ आणि सीटी ३५ यांना एकाच मापाने मोजू नका. ३५ च्या आसपासचा निकाल आला तर पुन्हा नमुना द्या, लगेच कुऱ्हाड चालवू नका.

बागेतच करता येतील अशा पद्धतीही आल्या आहेत. लॅम्प चाचणीला ६० ते ६५ अंशांचे एकच स्थिर तापमान पुरते आणि तासाभरात नळीतल्या द्रावणाचा रंग बदलतो. आरपीए त्याहून कमी, म्हणजे ३७ ते ४२ अंशांवर चालते. यंत्र लहान, बॅटरीवरही भागते. पण लॅम्पची नळी एकदा उघडली की वाढलेला डीएनए हवेत, हातावर, टेबलावर पसरतो आणि पुढची निरोगी झाडेही ‘बाधित’ दिसू लागतात. गावात किट घेऊन येणारा माणूस नळी बंद ठेवूनच निकाल वाचतो का, शिवाय पक्के निरोगी आणि पक्के रोगट असे दोन नमुने सोबत चालवतो का, हे पाहा. नसेल तर त्या निकालावर झाड तोडू नका.

यंत्रापेक्षा नमुन्याने जास्त घोळ होतो. जीवाणू झाडभर सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत तो असतो, शेजारच्या फांदीत नसतो. म्हणून झाडाच्या चारही बाजूंची पक्व पाने देठासकट घ्या. कोवळी पालवी नको. अन्नवाहिन्या देठात आणि मध्यशिरेत असतात, तपासणीही त्यांचीच होते. कडक उन्हाळ्यात पानांतले जीवाणूंचे प्रमाण घटते, त्यामुळे पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात घेतलेला नमुना अधिक खरे बोलतो. पाने कागदी पाकिटात, उन्हापासून दूर, दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोहोचवा. ‘आढळला नाही’ असा निकाल आला तर तो त्या दिवशीच्या त्या पानांपुरता आहे हे लक्षात ठेवा.

आता खर्चाचे. सहा बाय सहा मीटरवर एकरी ११० झाडे बसतात. त्या प्रत्येकाची चाचणी कोणी करणार नाही, करूही नये. चाचणी मातृवृक्षाची व्हावी. एका मातृवृक्षावरून शेकडो डोळे निघतात. त्याची वर्षातून एकदा तपासणी केली तर कलमामागे येणारा भार किरकोळ आहे. रोगट कलम लावले तर बहार धरेपर्यंतची पाच-सहा वर्षे जातात आणि शेजारच्या बागेलाही झळ पोहोचते. म्हणून कलमवाल्याला तीन गोष्टी विचारा: डोळे कोणत्या झाडांचे, त्यांची शेवटची चाचणी कधी झाली, आणि तपासणीनंतर ती झाडे सायला येणार नाही अशा जाळीत होती का? उघड्यावरचे झाड आज स्वच्छ असले तरी पुढच्या नवतीला त्यावर सायला येऊ शकते. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही. पण गावातले दहा जण एकत्र जाऊन विचारतील तर कलमवाल्यालाही कागद करून ठेवणे परवडेल.

कृषी सहायकांसाठी एक गोष्ट. नमुन्यासोबतच्या अर्जात फक्त ‘रोग तपासणी’ लिहू नका. संत्र्यावरचा ट्रिस्टेझा हा आरएनए विषाणू आहे. त्याचा आधी डीएनए करून घ्यावा लागतो, तेव्हाच पीसीआर त्याला पकडते. ग्रीनिंगची चाचणी ट्रिस्टेझा दाखवत नाही, आणि मूळकूज करणारी फायटोप्थोरा बुरशी तर पानात सापडणारच नाही. तिच्यासाठी माती आणि तंतुमुळे द्यावी लागतात. बागेत काय दिसले, कोणत्या झाडांवर, केव्हापासून, हे अर्जावर लिहा आणि कोणत्या रोगाची चाचणी हवी ते नावानिशी मागा. झाड बाधित निघाले तर आधी सायलासाठी फवारणी, मग झाड काढणे, हा क्रम शेतकऱ्याला समजावून सांगा. उलटे केले तर किडी उडून शेजारच्या ओळीवर बसतात.