पाणी फिरले तर मासा जगेल



पिंपरी-चिंचवडला कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या घरी गेलात, तर काचेच्या पेटीतले मासे जरा निरखून पाहा. तळातून निघालेले बुडबुडे खालचे पाणी आपल्याबरोबर वर ओढतात. वर आलेले पाणी हवेतला प्राणवायू घेते आणि पुन्हा तळाला जाते. पाणी फिरवणे हेच बुडबुड्यांचे खरे काम.

चाकणकडच्या आपल्या शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडले असतील, तर तेथे पाणी कोण फिरवते? वारा आणि ऊन. दिवसा वरचे पाणी तापून हलके होते व वरच राहते. रात्री ते गार होते, जड होते आणि खाली उतरते.

धोका असतो तो वारा पडलेल्या ढगाळ दिवसांत. ऊन नाही म्हणून पाण्यातले शेवाळ प्राणवायू कमी तयार करते. त्यातच गार पावसाची जोरदार सर आली, की वरचे पाणी एकदम खाली जाते आणि तळाचे, प्राणवायू नसलेले पाणी वर येते. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर ते गुदमरत आहेत असे समजा.

अशा वेळी खाद्य आणि शेण टाकणे थांबवा. पंपाने तळ्यातलेच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे पाडा. विजेचा भरवसा नसेल, तर डिझेल इंजिन आदल्या संध्याकाळीच तयार ठेवा. वर्षभराची मेहनत एका पहाटेत जाऊ देऊ नका.