दहावीतली उत्क्रांती कुणासाठी?

लोणावळा ते तळेगाव या पट्ट्यात राज्य मंडळाच्या शाळा आहेत, तशा सीबीएसईच्याही. दोन्हीकडची मुले दहावीतच, पण विज्ञानाच्या पुस्तकात एक मोठा फरक आहे. बालभारतीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ची सुरुवातच ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठाने होते. सीबीएसई शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या पुस्तकात २०२२-२३पासून या पाठाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ झाले. उत्क्रांती वगळली गेली.

करोनाकाळात मुलांवरचा भार कमी करण्यासाठी हे केले, असे कारण देण्यात आले. एप्रिल २०२३मध्ये देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी जाहीर पत्र लिहून हा भाग परत घ्यावा, अशी मागणी केली. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती कायम आहे, असे उत्तर केंद्राकडून मिळाले. ते खरे आहे. पण बारावीला जीवशास्त्र घेतो कोण? दहावीनंतर कुणी वाणिज्य शाखेला जातो, कुणी कला शाखेला, कुणी आयटीआयला, तर कुणी चाकण-तळेगावच्या कारखान्यांत कामाला लागतो. या साऱ्यांचा विज्ञानाचा शेवटचा तास दहावीतलाच. म्हणजे उत्क्रांती भावी डॉक्टरांना शिकवायची आणि बाकीच्यांनी तिच्यावाचून राहायचे, असा या उत्तराचा अर्थ होतो.

याआधीचा वाद आपल्याच राज्यात झाला होता. जानेवारी २०१८मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले की, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेले नाही, त्यामुळे डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून बदलायला हवा. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून हे विधान खोडून काढले. पण ‘कुणी पाहिले?’ हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर द्यायलाच हवे. आजच्या माकडाचा माणूस झाला, असे उत्क्रांती म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज फार मागे एकच होते, एवढेच ती सांगते. आणि न पाहिलेल्या गोष्टीचेही पुरावे मागे राहतात.

असा एक पुरावा खंडाळ्याच्या मातीत आहे. देवगांडूळ हा गांडुळासारखा दिसणारा, पण बेडकाच्या उभयचर वर्गातला बिनपायांचा प्राणी. ‘इंडोटिफ्लस बॅटर्सबाय’ ही त्याची जात १९६०मध्ये विज्ञानाला प्रथम कळली ती खंडाळ्याच्या नमुन्यावरून. त्याचे जवळचे नातलग आढळतात सेशेल्स बेटांवर आणि आफ्रिकेत! ओलसर कातडीचा हा जीव खारा समुद्र पोहून जाणे जवळपास अशक्य. मग? सेशेल्स आणि भारत एकेकाळी एकाच भूभागाचे तुकडे होते आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते वेगळे झाले. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हापासून बनला, तोही साधारण त्याच काळातला. जमीन दुभंगली, तशी देवगांडुळांची घराणीही वेगळी झाली आणि आपापल्या जागी बदलत गेली.

दुसरे उदाहरण मावळच्या ताटातले. ‘इंद्रायणी’ हा भाताचा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. सुवासिक आंबेमोहर आणि बुटका, भरघोस पिकणारा आयआर-८ यांचा संकर करून पुढच्या पिढ्यांतून हवी ती रोपे निवडत हे साधले. पिढीत फरक असतात, ते वारशाने उतरतात आणि निवड झाली की वाण बदलतो. इथे निवड माणसाने केली. निसर्गात ती हवामान, अन्न, रोग करतात. डार्विननेही आपल्या ग्रंथाची सुरुवात पाळीव जनावरे आणि लागवडीच्या पिकांपासूनच केली होती.

हीच निवड आजारी माणसाच्या शरीरातही होते. क्षयाच्या कोट्यवधी जंतूंत मोजकेच जंतू असे असतात, की योगायोगाने झालेल्या बदलामुळे एखादे औषध त्यांना मारू शकत नाही. ते एकच औषध दिले, तर बाकीचे मरतात, हे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. म्हणून क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देतात आणि ती साधारण सहा महिने घ्यावी लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडणाऱ्याला डॉक्टर रागावतात, त्यामागे हे कारण आहे. ते ज्याला दहावीत समजले, तो घरच्या रुग्णाला गोळ्या सोडू देणार नाही. सर्दी विषाणूची असताना औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणण्याचा मोहही तो टाळेल.

उत्क्रांती शिकल्याने श्रद्धा जाते, ही भीतीही अनाठायी आहे. जीव कसे बदलत गेले, एवढेच हा पाठ सांगतो. देव आहे की नाही, हा त्याचा विषय नाही.

राज्य शासनाने २०२५-२६पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम आणण्याचे ठरवले आहे. आज ना उद्या ही पायरी दहावीपर्यंत येईल. तेव्हा सीबीएसईकडून काय घ्यायचे हे ठरवताना, आपल्याकडचे काय सोडायचे नाही, हेही ठरवावे लागेल. बालभारतीचा हा पाठ त्या यादीत वरच्या क्रमांकावर हवा. मात्र पाठ टिकला म्हणजे काम संपले, असे नाही. व्याख्या पाठ करून दोन गुण मिळवण्यापुरता तो उरला, तर असून नसल्यासारखाच. मावळातल्या शिक्षकांना त्यासाठी प्रयोगशाळेचीही गरज नाही. मुलांना भाताच्या खाचरात न्यावे आणि एकाच वाफ्यातली रोपे एकमेकांहून वेगळी का, एवढे विचारावे. पाठ तिथूनच सुरू होतो.