आपलीच गोष्ट शिकायला परदेशात कशाला?

2022 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमावलीत एक वाक्य घातलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचा सामाजिक अभ्यास हा ज्याचा विषय असेल, त्याला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. सरकारी बाजूचं म्हणणं असं होतं की या विषयांचे तज्ज्ञ, साधनं आणि अभ्यासक्रम देशातच भरपूर आहेत, मग त्यासाठी बाहेर कशाला जायचं?

ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं. आमच्या हदगावात चहाच्या टपरीवर विचारलं तरी हेच उत्तर येईल. पोरगं अमेरिकेत एमएस करायलंय म्हटलं की पुढचा प्रश्न पगाराचा असतो. तेच पोरगं मल्टिमीडिया स्टोरीटेलिंग शिकायला चाललंय म्हटलं, म्हणजे आवाज, चित्र, नकाशा, लेखन आणि कोड एकत्र आणून गोष्ट सांगायला शिकायचंय म्हटलं, की प्रश्न येतो, "आपल्याच गोष्टी सांगायच्यात ना? मग तिकडं कामून जायलास?"

मंत्रालय आणि टपरी यांचं एकमत होतं तेव्हा जरा थांबून बघावं. माझ्या मते दोघंही चुकतायत. आणि या चुकीची किंमत ज्यांच्याकडून वसूल होते, त्यांची ती द्यायची ऐपत सगळ्यात कमी आहे.

आधी ही शिष्यवृत्ती कोणाची ते बघू. हा नियम आला तेव्हा तिच्या 125 जागा होत्या. 115 अनुसूचित जातींसाठी, 6 भटक्या-विमुक्तांसाठी, 4 भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. ज्याच्या बापाकडे पैसे आहेत त्याला कुठलाच नियम अडवत नाही. तो न्यूयॉर्कला जाऊन पेशवाईवर फिल्म करू शकतो, लंडनला बसून वारीवर प्रबंध लिहू शकतो. बंदी आहे ती फक्त सरकारी मदतीशिवाय जाऊच शकत नाही त्याच्यावर.

आता महाराष्ट्राची भटक्या जमातींची यादी काढून बघा. गोंधळी, बहुरूपी, चित्रकथी, वासुदेव, नंदीवाले. ही यादी म्हणजे या राज्यातल्या पिढीजात गोष्ट सांगणाऱ्यांची हजेरीच आहे. चित्रकथी समोर चित्रं मांडतो, वाद्य वाजवतो, गातो, मध्येच थांबून बोलतो. मल्टिमीडिया याहून वेगळं काय असतं? आमच्याच नांदेड जिल्ह्यात माहूरच्या रेणुकेसाठी गोंधळ मांडणारी घरं आहेत. त्यातल्या एखाद्या मुलीने ठरवलं की बाहेर जाऊन ध्वनी आणि पडद्याचं शास्त्र शिकेन आणि प्रकल्प माझ्या आजोबांच्या गोंधळावरच करेन, तर तिच्या जमातीसाठी ठेवलेला पैसा तिला या विषयासाठी मिळणार नाही. तिने कॅमेऱ्याच्या भिंगावर संशोधन करावं, चालेल. भिंग आपल्या घराकडे वळवलं की शिष्यवृत्ती बंद.

हाच नियम शंभर वर्षांपूर्वी असता तर काय झालं असतं, हे सांगायला कल्पनाशक्ती लागत नाही. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. 9 मे 1916 रोजी तिथल्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी निबंध वाचला, विषय भारतातल्या जाती. पुढचं संशोधन ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर. लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. तिन्ही विषय भारताचे. ज्यांच्या नावाने सामाजिक न्यायाची भाषणं सुरू होतात, त्यांचा अर्ज सामाजिक न्यायाच्याच खात्याने 2022 च्या नियमानुसार परत पाठवला असता.

"पण त्यांनी इथेच राहून तो अभ्यास केला असता तर?" असं कोणी म्हणेल. जातीचा प्रश्न ते इथे रोज जगतच होते. तिथे त्यांना मिळाली ती त्या प्रश्नाकडे बघायची अवजारं, आणि शेजारी बसलेला माणूस तुमची जात विचारत नाही अशी खोली. दुसऱ्या संस्कृतीत शिकण्याचा खरा फायदा हाच असतो.

गोष्ट सांगण्याच्या धंद्यातलं उदाहरण हवं असेल तर फाळके आहेत. त्र्यंबकच्या या माणसाने मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघितला आणि आपल्या देवांच्या गोष्टी अशा पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांना पछाडलं. 1912 च्या सुरुवातीला विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले, सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ बघितला, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि काही आठवड्यांत परत आले. आल्यावर आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं याची छोटी फिल्म केली, कारण भांडवल देणाऱ्यांना खात्री पटवायची होती. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

फाळके लंडनला रिकाम्या हाताने गेले नव्हते. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, शिळाप्रेस, जादूचे प्रयोग, हे सगळं गाठीशी होतं. गोष्ट तर होतीच. नव्हतं ते यंत्र आणि ते वापरणाऱ्यांचा सराव. तेवढं तिकडून आणलं आणि हरिश्चंद्र काही त्यामुळे इंग्रज झाला नाही.

आता साहित्यातल्या लोकांचा आक्षेप. बाहेर गेलेला माणूस तिकडच्या डोळ्याने बघायला लागतो, मुळं तुटतात, आपलं ते देशीच राहू द्यावं. देशीवादाचा मराठीतला सगळ्यात मोठा आवाज भालचंद्र नेमाडे यांचा. आणि नेमाडे लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये शिकवत होते. हा काही त्यांच्यावर टोमणा नाही. तिथे राहून त्यांचं देशीपण पातळ झालं नाही, एवढंच त्यातून दिसतं. देशीपणाला बाहेरच्या हवेची भीती वाटत असेल, तर ते आधीच आजारी आहे.

उलट दिशेचं उदाहरण माझ्या जास्त जवळचं आहे, कारण त्यात सॉफ्टवेअर आहे. फ्रान्सहून आलेले गी पॉइतवाँ पुण्यात राहिले आणि हेमा राइरकर यांच्यासोबत त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक. बर्नार्ड बेल हा दुसरा फ्रेंच माणूस संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारा. तबल्याच्या बोलांसाठी 'बोल प्रोसेसर' नावाची प्रणाली घडवणारा. त्याने या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणाचं आणि डेटाबेसचं काम केलं. आज 'पारी'वर, म्हणजे पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या संकेतस्थळावर, त्या ओव्या आवाज, मजकूर, फोटो आणि भाषांतरासह ऐकता येतात. माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. जातं आमचं, ओवी आमची, आणि ती जपायच्या कामात दोन फ्रेंच माणसं. त्यांना कोणी विचारलं नाही की तुमच्या देशात विषय संपले का. मग आपल्या पोरांनाच हा प्रश्न का?

दुसऱ्या संस्कृतीत शिकताना आणखी एक गोष्ट घडते. समोरच्याला काहीच माहीत नसतं. आमच्या तालुक्यात तामशाला बारालिंगाच्या देवळापाशी संक्रांतीच्या सुमारास भाजी-भाकरीची पंगत होते. हदगावात 'तामशाची पंगत' म्हटलं की विषय संपतो. परक्या वर्गात तो तिथून सुरू होतो. पंगत म्हणजे काय? भाकरी कुठून येते? थापतं कोण? कोण कोणाशेजारी बसतं? पूर्वीपासून तसंच बसत होते का? ही उत्तरं देताना कळतं की जे आपल्याला पाठ आहे ते आपण कधी बघितलेलंच नसतं. घरच्या प्रेक्षकासमोर निम्मी गोष्ट मान डोलावण्यात निघून जाते. परका मान डोलवत नाही, म्हणून ती पूर्ण सांगावी लागते.

परदेशी विद्यापीठं म्हणजे स्वर्ग नव्हे, हेही बोललं पाहिजे. 2012 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'स्नो फॉल' केलं आणि बोटाने सरकवत वाचायच्या, मध्येमध्ये हलणाऱ्या चित्रांच्या गोष्टींची लाट आली. त्या साच्यात मराठवाडा बहुतेक वेळा एकाच रूपात बसतो. भेगाळलेली जमीन, डोक्यावर घागर, गळफासाचा दोर. तिकडच्या प्रेक्षकाला तेवढंच कळतं म्हणून इथल्या पोरांनीही तेवढंच पुरवायचं, हा धोका खरा आहे. पैनगंगेचा पूर, बंजारा तांड्यावरची लेंगी, नांदेडच्या क्लासमधली रात्रीची अभ्यासिका यांना मग कोणी विचारत नाही. पण यावर उपाय जाणं बंद करणं हा नाही. एकच पोरगं गेलं तर त्याला सगळ्या मराठवाड्याचा प्रतिनिधी व्हावं लागतं आणि ते घागरच दाखवतं. वीस गेली तर त्यातलं एखादं विनोदी काहीतरी करेल, एखादं भुताची गोष्ट करेल.

आमच्या धंद्यातूनही एक साक्ष देतो. गोष्ट सांगायची अवजारं, म्हणजे कॅप्शन, आवाज ओळखणं, भाषांतर, कोणत्या व्हिडिओला पुढे ढकलायचं ते गणित, ही सगळी कोणीतरी कुठेतरी बसून लिहितं. "काय करायलास?" हे माझ्या फोनला धड कळत नाही, कारण ते लिहिणाऱ्या खोलीत असं बोलणारं कोणी बसलेलं नव्हतं. कोड येणारे आमच्याकडून दरवर्षी गाड्या भरून पुण्याला, हैदराबादला आणि पुढे जातात. गोष्ट येणारे गावातच राहतात. दोन्ही येणारा माणूस दुर्मीळ आहे, आणि हा अभ्यासक्रम नेमका तसा माणूस घडवतो. त्याला चैन म्हणणं परवडणारं नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. ते वाक्य नियमावलीत नसावं, एवढी पहिली. राज्याच्या परदेशी शिष्यवृत्त्यांत माध्यमं आणि कथनकलेच्या अर्जाकडे अभियांत्रिकीच्या अर्जाइतक्याच गंभीरपणे बघावं, ही दुसरी. तिसरी जाणाऱ्यांसाठी: तिकडे केलेलं काम आधी मराठीत असावं आणि ज्यांच्यावर केलं त्यांना आधी दाखवावं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे. परतलेल्यांना तिथे वर्षातून एक महिना शिकवायला बोलवा. म्हणजे पुढच्या पिढीला तेवढ्यासाठी विमान पकडावं लागणार नाही.

आणि "कामून जायलास?" असं विचारणाऱ्यांना उत्तर असं, की गोष्ट आमची आहे म्हणूनच. दुसऱ्याची असती तर ती इथे बसून, त्याने बनवलेल्या फोनवर, आयती बघता आली असती. ते तर आपण रोज करतोच आहोत.