डोळा आळशी नसतो, तो हरलेला असतो

‘आळशी डोळा’ हे नाव मला पटत नाही. ते ऐकून पालकांना वाटतं, मोठं झालं की मूल आपोआप सुधारेल. प्रत्यक्षात हा डोळा मेंदूतल्या जागेच्या चढाओढीत हरलेला असतो.

सारसोळेकरांना सोपं उदाहरण द्यायचं तर मासळी बाजाराचं. एखादी मावशी बरेच दिवस आली नाही, की शेजारीण आपली पाटी हळूच तिच्या जागेत सरकवते. बाळाच्या मेंदूतही तसंच होतं. दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू दृष्टीच्या केंद्रात जागा मिळवत असतात. तिरळेपणा, एकाच डोळ्याला जास्त नंबर किंवा जन्मजात मोतीबिंदू असेल, तर त्या डोळ्याची जागा दुसऱ्याचे तंतू व्यापतात.

ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. उघडल्यावर मेंदूतल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला दादच देईनात. दोन्ही डोळे बंद ठेवले, तेव्हा मात्र एवढं नुकसान झालं नाही. म्हणजे खरा घात चढाओढीत होता. मोठ्या मांजरांवर असा परिणाम झाला नाही. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं.

म्हणूनच ‘मोठा झाल्यावर बघू’ हे वाक्य मला सगळ्यात महागाचं वाटतं. उपचार साधारण ७-८ वर्षांपर्यंत चांगले लागू पडतात; पुढे प्रयत्न करता येतात, पण फायदा कमी होत जातो. मूल तक्रार करत नाही, कारण चांगल्या डोळ्यावर त्याचं भागतं. अंगणवाडी आणि शाळांमध्ये तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्या तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. तक्रार नसली तरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकदा नेत्रतज्ज्ञांकडे न्या. तिरळेपणा दिसला तर ‘नशीबवान आहे’ म्हणून थांबू नका, लगेच दाखवा.

चष्मा दिला तर तो नियमित वापरा. चांगल्या डोळ्यावर पट्टी सांगितली असेल, तर मूल रडेल आणि आजी मायेने ती काढेल. आजीला समजावा: कमजोर डोळ्याला त्याची जागा परत मिळवायला हेच तास हवे आहेत. किती तास, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. ते पाळणं आपल्या हातात आहे.